गिअरबॉक्समधला देवमासा

१९७८ च्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात वस्तादांनी माझ्या तळहातावर एक पितळी रिंग ठेवली आणि म्हणाले, "नख फिरव आतनं. काय लागतंय?" सिंक्रोमेशची, म्हणजे गिअर पडताना दोन चाकांचे वेग जुळवणारी, रिंग होती ती. तिच्या आतल्या उतारावर बारीक आटे असतात. रिंग नवी असली तर नख त्यात करकरत अडकतं. या रिंगवर नख सरळ घसरलं. पितळेचा पिवळेपणा जाऊन वर शाई सांडल्यासारखी काळी झाक आली होती. गाडी मेटाडोर, भाजीची. तक्रार एवढीच की तिसरा गिअर पडताना खर्रकन आवाज येतो.

आठ-नऊ महिन्यांपूर्वी कुण्या दुकानदारानं त्या गाडीवाल्याला "हे लई भारी ऑइल, ट्रकच्या हौसिंगात घालतात" असं सांगून दोन डबे गळ्यात मारले होते. ऑइल खरोखरच भारी होतं. ट्रकच्या मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनला त्यानं दहा वर्षं सांभाळलं असतं. गिअरबॉक्समधल्या पितळेला मात्र त्यानं खाल्लं. वस्ताद म्हणाले, "तेल घट्ट आहे का पातळ, ते कुणालाबी कळतं. तेलात काय मिसळलंय ते ज्याला कळलं, तो गिअरबॉक्सचा मिस्त्री."

चाळीस वर्षं मी त्याच एका वाक्यामागे चाललो आहे. इंजिनवर बोलणारे खूप भेटतात, डिझाइनवर त्याहून जास्त. तेलात शेकडा चार-पाच भाग मिसळल्या जाणाऱ्या त्या औषधावर कुणी बोलत नाही. त्याचा इतिहास तर समुद्राच्या तळापर्यंत जातो.

सुरुवात आपल्या बैलगाडीपासूनच करतो. आमच्या आजोबांच्या गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकत असे. त्यात एरंडेल आणि त्यात भिजवलेली चिंधी. आसाला चिंधी फिरवली की चाकाचा आवाज बंद. गोडेतेल का चालत नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. "ते धरत न्हाई," एवढंच उत्तर मिळालं. "धरणं" हा शब्द अगदी नेमका आहे. वनस्पतीच्या किंवा जनावराच्या चरबीतल्या मेदाम्लाच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपटी असते. डोकं धातूला चिकटतं आणि शेपटी बाहेर उभी राहते, गालिच्याच्या लवेसारखी. एरंडेलाच्या शेपटीवरही धरायला एक जागा असते आणि ते दाटही असतं, म्हणून इतर तेलांपेक्षा ते आसावर जास्त टिकतं. जमिनीतून काढलेल्या खनिज तेलाला असं डोकंच नाही. ते दोन धातूंमध्ये वाहतं, पण दाब वाढला की निसटून जातं. म्हणून १९०९ साली इंग्लंडात वेकफील्ड कंपनीनं खनिज तेलात एरंडेल घालून मोटारीचं तेल काढलं आणि त्या एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं. पुढे १९२० च्या सुमारास वेल्स आणि साउथकोम या दोघा इंग्रजांनी दाखवून दिलं की सगळं तेल बदलायची गरज नाही. खनिज तेलात शेकडा एखादा भाग मेदाम्ल घातलं तरी ते धरू लागतं. आज ज्याला आपण ॲडिटिव्ह म्हणतो त्याची खरी सुरुवात मी तिथून धरतो. आजोबांच्या नळकांड्यातली गोष्ट त्यांनी प्रयोगशाळेत मोजली.

नुसतं धरणं मात्र पुढे पुरेनासं झालं. १९२६ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं मागच्या ॲक्सलला हायपॉइड दात बसवले. रोचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याची ती करामत. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे मधला दांडा खाली येतो आणि गाडीची बैठक बुटकी करता येते. पण याचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेनं घासतही जातात. साधं तेल त्या घासण्यात पुसलं जातं आणि पोलाद पोलादाला चिकटून उपटलं जातं. यावर उपाय निघाला गंधकाचा. तेलात गंधकाची संयुगं घातली की जिथे दात तापतो तेवढ्याच ठिकाणी गंधक लोखंडाशी मिळून एक पातळ थर बनवतं. मग झिजतो तो थर, दात वाचतो. आपल्याकडे ज्याला "नव्वद नंबर" म्हणतात त्या गिअर ऑइलचा तो उग्र, कुजक्या अंड्यासारखा वास याच गंधकाचा. ट्रकच्या हौसिंगाचा प्लग उघडला की तो वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. बायकोनं माझे कामाचे कपडे कायम वेगळ्या बादलीत धुतले ते यामुळेच.

तेच गंधक तांब्या-पितळेशी मात्र वैर धरतं. त्यातून पितळ काळं पडतं, मऊ पडतं, आटे गुळगुळीत होतात. म्हणून जगभर गिअर ऑइलच्या दोन पायऱ्या पडल्या. जीएल-फोर बहुतेक सिंक्रोमेश गिअरबॉक्सला, जीएल-फाइव्ह हायपॉइड ॲक्सलला. डब्यावरच्या त्या एका आकड्याच्या फरकानं भाजीवाल्याचा तिसरा गिअर गेला.

१९८३ साली मी सौदी अरेबियात दम्मामला गेलो. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीकडची बरीच माणसं तेव्हा तिकडच्या गॅरेजांत होती. तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलला. शेव्हरोले कॅप्रिस, टर्बो हायड्रामॅटिक थ्री-फिफ्टी. ऑइल पॅन खाली घेतली तर आत गिअर ऑइल नाहीच. डाळिंबाच्या रसासारखं लालभडक पातळ तेल. आत चकत्यांची चळत, एक पोलादाची, एक कागदाची, परत पोलादाची. खरंच कागदाची, दाबून केलेल्या तंतूंची, तेलात भिजलेली. दीड-दोन टनांची गाडी त्या कागदावर ओढली जाते यावर माझा आठवडाभर विश्वास बसेना.

हा प्रकार जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांबरोबर बाजारात आणला. हायड्रामॅटिक त्याचं नाव. हे काम ज्या अर्ल थॉम्प्सनच्या हाताखाली झालं त्यानंच आधी सिंक्रोमेश शोधून काढलं होतं, जे १९२८ मध्ये कॅडिलॅकला लागलं. म्हणजे माझ्या तळहातावरची पितळी रिंग आणि दम्मामच्या कागदी चकत्या एकाच माणसापाशी येऊन मिळतात. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

ऑटोमॅटिकमध्ये तेलाला एकाच वेळी पाच कामं असतात. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे न्यायची, दाबानं व्हॉल्व्ह हलवायचे, चकत्या दाबायच्या, गिअरचे दात आणि बेअरिंगं सांभाळायची, आणि उष्णता कूलरपर्यंत वाहून न्यायची. या सगळ्यांच्या वर सहावं, सगळ्यांत नाजूक काम: कागद आणि पोलाद एकमेकांना किती पकडतील ते ठरवायचं. तेल फार निसरडं असेल तर चकत्या घसरून जळतात. फार कोरडं असेल तर गिअर बदलताना मानेला झटका बसतो.

तो झटका नेमका कधी बसतो ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथं आहे. लाकडी कपाट ढकलून बघा. जागचं हलवायला जोर लागतो, एकदा सरकलं की कमी लागतो. म्हणून ते सरळ सरकत नाही. थांबतं, सरकतं, थांबतं, कुरकुरतं. चकत्यांचंही तसंच. दोन्ही चकत्या एका वेगात यायच्या शेवटच्या क्षणी, घसरणं संपता संपता, पकड एकदम वाढते आणि गाडी दणका देते. तेलात असं काहीतरी हवं की वेग कमी होत गेला तरी पकड वाढू नये. उलट किंचित कमीच व्हावी. लांब शेपटीचा रेणू हे काम करतो. तो पोलादावर लव धरून उभा राहतो आणि शेवटच्या क्षणी चकतीला हळूच जागेवर बसू देतो. प्रवाशाच्या हातातला चहा सांडत नाही, कारण तेलात तो रेणू आहे.

सुरुवातीची तीस-एक वर्षं हा रेणू येत होता देवमाशाच्या डोक्यातून.

मला हे दम्मामच्या फोरमननं सांगितलं. वयस्कर पॅलेस्टिनी माणूस, अमेरिकन गाड्यांवर हयात गेलेली. स्टोअरच्या मागच्या फळीवर जुने, गंजलेले रिकामे डबे होते. त्यातला एक त्यानं उचलला. त्यावर 'टाइप ए, सफिक्स ए' आणि 'एक्यू-एटीएफ' अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक. "या तेलावर गाड्या जास्त चालायच्या," तो म्हणाला. "यात व्हेल होता." मला वाटलं, भाषेत काहीतरी चुकतंय. त्यानं बोटानं हवेत मासा काढला, मोठं चौकोनी डोकं काढलं आणि त्या डोक्यावर बोट ठेवलं.

पुढे मी जे वाचलं त्यात त्याचं बोट बरोबर जागेवर होतं. जनरल मोटर्सनं १९४९ मध्ये ऑटोमॅटिकच्या तेलासाठी पहिली वेगळी मोजमापं ठरवली, तीच टाइप ए. कुठल्याही कंपनीचं तेल असो, शिकागोच्या आर्मर संशोधन संस्थेत तपासून पास झालं की त्याला क्रमांक मिळायचा. 'एक्यू' म्हणजे आर्मरचा दाखला. १९५७ मध्ये सफिक्स ए आलं आणि १९६७ मध्ये डेक्सरॉन. या तेलांत घर्षण सुधारायला जे घालत त्यात मोठा वाटा गंधक लावलेल्या स्पर्म व्हेलच्या तेलाचा होता.

स्पर्म व्हेलच का, हा प्रश्न मिस्त्री म्हणून मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. डुकराची चरबी अमेरिकेत ढिगानं आणि स्वस्त होती. पण डुकराची चरबी, शेंगदाण्याचं तेल, बाकीच्या बहुतेक देवमाशांची चरबी, हे सगळे तीन शेपट्यांचे रेणू आहेत. त्यांना गंधक लावलं की ते दाट, गोंदासारखे होतात, खनिज तेलात नीट विरघळत नाहीत, आणि गिअरबॉक्सच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये चिकटा करतात. स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं आणि चरबीतलं द्रव्य म्हणायला तेल, पण ते आहे पातळ मेण. त्याच्या रेणूत दोन लांब साखळ्या एका जोडानं सांधलेल्या असतात. गंधक लावल्यावरही ते पातळ राहतं, थंडीत फार घट्ट होत नाही, गरमीत फार पातळ होत नाही. व्हॉल्व्ह मोकळे, दात सुरक्षित, चकत्या मऊ. त्याच्याही शंभर वर्षं आधी याच मेणाच्या मेणबत्त्या अमेरिकेतल्या नँटकेट बेटाच्या व्यापाऱ्यांनी जगभर विकल्या, घड्याळवाल्यांनी याच तेलानं घड्याळं चालवली. रॉकेल आल्यावर तो धंदा बुडाला. मग विसाव्या शतकात यंत्रांच्या नव्या गरजांबरोबर तीच शिकार आणखी मोठ्या बोटी घेऊन परत आली. १९६० च्या दशकात जगभरात वर्षाला वीस हजारांच्या वर स्पर्म व्हेल मारले जात होते, बहुतेक उत्तर पॅसिफिकात आणि दक्षिणेकडच्या समुद्रांत. सगळे गिअरबॉक्ससाठी नव्हेत. कातडं कमवायला, यंत्रशाळेत लोखंड कापताना, साबणात, सगळीकडे ते जात होतं. पण गिअरबॉक्ससाठीही जात होतं, आणि माझा संबंध गिअरबॉक्सशी आहे.

आपल्याकडे या जनावराचं नाव आज येतं ते 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातमीत. ठाणे, पुणे, रत्नागिरी, कुठे ना कुठे पोलिसांना अंबरग्रीस सापडतं आणि त्याची कोटीतली किंमत छापून येते. ते याच स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. ती बातमी वाचली की मला दरवेळी लाल तेल आठवतं.

१९७० साली अमेरिकेनं स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद केली. १९७२ आणि १९७३ चे कायदे त्यावर आणखी घट्ट बसले. गिअरबॉक्स बनवणाऱ्यांची तारांबळ उडाली. त्यानंतर व्हेलशिवायचं डेक्सरॉन टू-सी आलं. त्यानं कूलरच्या डाखाला गंज धरायला लागला. डाख म्हणजे रेडिएटरमधल्या नळ्यांचे जोड. तिथून तेलात पाणी गेलं की कागदी चकत्या फुगून सुटतात, संपलं काम. मग गंजाविरुद्धचं औषध वाढवून टू-डी आलं. दम्मामला आम्ही भरत होतो ते टू-डी. म्हणजे फोरमन जुन्या तेलाचं गुणगान गात होता ते नुसतं म्हातारपणाचं बोलणं नव्हतं. त्या मधल्या वर्षांत त्यानं खोललेले बॉक्स त्याच्या हातांना आठवत होते. तरीही मला ती बंदी योग्यच वाटते. एका बाजूला गिअर बदलताना मानेला बसणारा हिसका आणि दुसऱ्या बाजूला सत्तर वर्षं जगणारं, तासभर श्वास रोखून समुद्राच्या अंधारात जाणारं जनावर. यात तोलायला काय आहे?

त्या काळात फोर्डनं वेगळी वाट धरली होती हेही सांगायला हवं. त्यांच्या टाइप एफ तेलात घर्षण मऊ करणारं ते औषध नसे. फोर्डच्या चकत्यांचं मोजमाप तसंच ठरवलेलं, त्यामुळे गिअर ठणकन आणि पक्का बसे. दम्मामला काही शौकीन पोरं मुद्दाम आपल्या शेव्हरोलेत फोर्डचं तेल घालून आणायची. गाडी खरंच झटक्यात गिअर घ्यायची, आणि त्यांना तेच हवं असायचं. दोन्ही तेलं लाल, दोन्ही तेवढीच पातळ, बोटांवर घेतली तर फरक कळत नाही. फरक त्या शेकडा दोन-चार भागांचा. वस्ताद असते तर मी त्यांना तो प्रयोग दाखवला असता.

व्हेलला पर्याय शोधताना माणसं वाळवंटात पोचली. ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात होहोबा नावाचं झुडूप आहे. त्याच्या शेंगदाण्याएवढ्या बीत निम्मं पातळ मेण असतं. वनस्पतींमध्ये अशी बी जवळपास हीच. त्या मेणाची घडण स्पर्म व्हेलच्या मेणाशी जुळते. १९७२ मध्ये टुसानला होहोबावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, सॅन कार्लोसच्या अपाची लोकांकडून बिया गोळा करवून घेतल्या गेल्या, १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं त्यावर पुस्तिका काढली. गंधक लावलेलं होहोबा गिअरबॉक्समध्ये व्हेलच्या तोडीस तोड उतरलं. पण झुडूप फळायला वर्षं लागतात, बी महाग. राजस्थानातही इस्रायलच्या मदतीनं याची लागवड झाली. आज होहोबाचं तेल मिळतं ते केसांच्या आणि चेहऱ्याच्या बाटल्यांत. गिअरबॉक्समधली जागा बहुतेक कारखान्यात घडवलेल्या रेणूंनी घेतली.

ते कारखाने काही परके नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याला लुब्रिझोलचा कारखाना आहे. इंडियन ऑइलबरोबर १९६६ मध्ये भारतात आलेली ही कंपनी. मूळ क्लीव्हलँडची, १९२८ मधली. तिचं पहिलं उत्पादन होतं ग्राफाइट मिसळलेलं एक तेल, मोटारीच्या पाट्यांची कुरकुर थांबवायला. आजोबांच्या नळकांड्याचंही नेमकं तेच काम. आज नव्वद नंबरच्या डब्यात जे चार-पाच भाग असतात ते अशाच कारखान्यांतून पिंपांनी येतात. मुंबईला जाताना एसटी तुर्भ्यावरून गेली की मी त्या टाक्यांकडे बघतो.

१९८९ मध्ये परत येऊन मी कोल्हापुरात गॅरेज टाकलं. पहिली वीस वर्षं ऑटोमॅटिक वर्षाला एखादी यायची. २०१४ मध्ये सेलेरिओ एएमटी आली आणि लोकांना क्लच न दाबायची सवय लागली. आता सीव्हीटी, ड्युअल क्लच, सगळं येतं, आणि त्याबरोबर बाटल्या येतात. "एक बाटली घाला, गिअर लोण्यासारखे पडतील." चार वर्षांपूर्वी एका शिक्षिकेची सीव्हीटी आली. दुसरीकडे कुणीतरी तिच्या चांगल्या तेलात असली बाटली ओतली होती. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पोलादी कप्प्यांना धातूनं धातूला पकडून ओढतो. तिथं निसरडेपणा वाढवला तर पट्टा घसरतो. कप्पीवर नखानं ओढल्यासारखे चरे पडले होते. बदलायचा खर्च तिच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा. तिनं मला विचारलं, "मामा, बाटलीवर तर 'सगळ्या गिअरबॉक्ससाठी' लिहिलं होतं." मला त्या दिवशी फार राग आला. सगळ्या गिअरबॉक्ससाठी असं काही नसतं. पितळेला जे नको ते हायपॉइडला हवं, कागदाला जे हवं ते पट्ट्याला मारक.

बाटल्या सगळ्याच वाईट, असंही मी म्हणत नाही. लॉक-अप कन्व्हर्टरच्या जुन्या गाडीत साठच्या वेगाला दगडी रस्त्यावर चालल्यासारखी थरथर येते. तेल थकलेलं असतं, लांब शेपटीचे रेणू उष्णतेनं तुटलेले असतात आणि कपाटाची ती कुरकुर सुरू झालेली असते. तिथं योग्य औषधाच्या थोड्या मात्रेनं थरथर जाताना मी स्वतः पाहिली आहे. पण आधी तेल काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा, वास घ्यायचा, पॅनमधल्या चुंबकावरचा चुरा बोटांत चोळून बघायचा. चुरा पिठासारखा असला तर औषध. कण टोचले तर पाना.

गॅरेजमध्ये आता पुतण्या बसतो. नवा पोरगा कामाला लागला की मी त्याला फळीवरचा डबा काढायला सांगतो. दम्मामहून येताना फोरमननं दिलेला, कपड्यांत गुंडाळून आणलेला, टाइप ए, सफिक्स ए. अक्षरं निम्मी गंजली आहेत. त्यात मी चाळीस वर्षांतल्या झिजलेल्या सिंक्रो रिंगा ठेवल्या आहेत. सगळ्यांत तळाशी मेटाडोरची ती काळी. पोराच्या हातावर ती ठेवतो आणि म्हणतो, नख फिरव आतनं.